दहानंतरचे राग

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या, म्हणजे सवाईच्या, तिकिटांबरोबर सवाईच्या आठवणीही बाहेर निघतात. रमणबागेचं मैदान, अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी, थर्मासमधला चहा, सतरंजीवर आडवं झालेलं पोर आणि सगळ्यात शेवटी, पहाटे, अण्णांचं, म्हणजे भीमसेन जोशींचं, गाणं. समोरचा तिशीच्या आतला असेल तर सांगणाऱ्याला आणखी चेव येतो. "तुम्ही काय ऐकणार? तुमचं दहाला सगळं बंद!" त्यापुढचा निकालही ठरलेला असतो. कायद्याने आपलं गाणं मारलं.

या आठवणी मी आवडीने ऐकतो, पुन्हापुन्हा ऐकतो. त्यांच्या शेपटीला बांधलेला हा निकाल मात्र मला मान्य नाही. रात्रभराच्या मैफली गेल्या हे खरं. त्यांच्याबरोबर काही राग जाहीर कार्यक्रमांतून जवळजवळ उठले, हेही खरं. पण कायद्याने रात्री दहानंतर बंद केला तो उघड्या मैदानावरचा स्पीकर. दार लावून, छपराखाली, रात्रभर गायला त्याने मनाई केलेली नाही. ते आपण केलं नाही, कारण मांडवाचा आकार सोडायची आपली तयारी नव्हती.

आधी काय गेलं ते नीट पाहू. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. कित्येक वर्षं तो तीन रात्रींचा असे. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचं नावही उत्सवाला जोडलं गेलं, आणि २०१८ पासून तो रमणबाग सोडून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. जागा बदलली, दिवस वाढले, श्रोते वाढले. रात्र मात्र उरली नाही.

रात्र म्हणजे नुसते जास्तीचे तास नव्हेत. आपल्या हिंदुस्थानी पद्धतीत रागांना प्रहर वाटून दिलेले आहेत. दिवेलागणीला मारवा, पूरिया, मग यमन. पुढे बिहाग, बागेश्री. रात्र चढली की मालकंस, दरबारी, अडाणा. मध्यरात्र उलटल्यावर परज, सोहनी. झुंजुमुंजु होताना ललित, भटियार. उजाडल्यावर भैरव, तोडी. रात्रभर बसलेल्या श्रोत्याला ही सगळी वाट एका बैठकीत चालता येत असे, आणि तीही वेगवेगळ्या घराण्यांच्या गळ्यांतून. आता दहाला पडदा पडतो म्हटल्यावर वाट बागेश्री-मालकंसापाशी, फार तर घाईच्या दरबारीपाशी तुटते. परज आणि सोहनी जाहीर मैफलीत सवडीने ऐकलेला विशीतला श्रोता शोधून काढावा लागेल. ललित-भटियार म्हणाल तर दिवाळी पहाटेला कुणी दहा-पंधरा मिनिटं गातं, तेवढ्यात समोरून नाट्यगीताची फर्माईश येते आणि पहाट संपते.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण आठवणी सांगणारे ती मांडत नाहीत. कार्यक्रम दुपारी सुरू व्हायला लागल्यापासून शुद्ध सारंग, गौड सारंग, भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती यांना हजारोंचा श्रोता मिळाला. जुन्या रात्रींच्या वैभवात या रागांना जागाच नव्हती. दुपारच्या उन्हात मांडवात बसून ऐकलेल्या सारंगाची आठवण अजून तीस वर्षांनी कुणीतरी अशीच डोळे मिटून सांगेल. तेव्हा सगळंच बुडालं असं नाही.

जे बुडालं ते बघायचं असेल तर शेवटच्या कलाकाराकडे बघावं. पावणेदहा वाजलेले असतात. पडद्याच्या कडेला संयोजकांपैकी कुणीतरी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभं असतं. गवयाने दरबारीचा गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, आत्ता कुठे लावलेला असतो. तो आंदोलित, हळूहळू झुलणारा गंधार म्हणजे दरबारीचा जीव. त्यावर रेंगाळायचं, मंद्रात उतरायचं, पुन्हा सावकाश वर यायचं, या सगळ्याला सवड लागते. पण त्याची नजर एकदा विंगेत जाते, एकदा तबलजीकडे. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, मध्यावर असतानाच अंतरा उरकला जातो, द्रुत म्हणजे जलद लयीतलं गाणं सुरू होतं, त्यालाच तराणा जोडला जातो. शेवटच्या पंगतीला वाढपी भात, आमटी, मठ्ठा सगळं एकदमच पानात ओतत सुटतात, त्यातला प्रकार. टाळ्या कडकडून पडतात, कारण द्रुताला टाळ्या पडतातच. दहाला दोन मिनिटं कमी असताना माइक बंद होतो. लोक म्हणतात, काय रंगलं! गवयाला मात्र ठाऊक असतं की दरबारी त्याने दाखवला, गायला नाही.

इथपर्यंत मी जुन्या श्रोत्यांच्याच बाजूचा आहे. इथून पुढे आमची वाट वेगळी होते.

ज्या कायद्याच्या नावाने आपण बोटं मोडतो तो म्हणजे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ ही त्याच्या लेखी रात्र. त्या वेळात उघड्यावर स्पीकर चालणार नाही. २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्यंही आली, म्हणजे अक्षरशः वाचायचं तर रात्री साडेदहाला गच्चीवर तंबोरा छेडणाराही गुन्हेगार. (असा खटला कुणी भरल्याचं मी ऐकलेलं नाही.) रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. शेजारी बसून मारलेल्या साध्या गप्पा ६० च्या आसपास जातात, यावरून मैदानभर लावलेल्या स्पीकरांचा अंदाज करावा.

हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालाने घट्ट केले. तो खटला कशातून उभा राहिला हे आपल्या रसिकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. १९९८ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती, आणि शेजारी स्पीकरवर लावलेल्या गाण्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्या मुलीने नंतर स्वतःला जाळून घेतलं. त्या बातमीने हादरलेल्या एका इंजिनिअरने याचिका केली. त्यावरच्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-गाण्याचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचं स्वातंत्र्य नव्हे, आणि शांततेत राहणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा निकाल वाचल्यावर 'कायद्याने आपलं गाणं मारलं' हे वाक्य माझ्या तोंडून तरी निघत नाही.

"पण आमचं गाणं म्हणजे डीजे नव्हे," असं यावर उत्तर येतं. नाहीच आहे. मात्र हा फरक तिकीट काढून मांडवात बसलेल्याला. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर दमा झालेला म्हातारा किंवा सकाळी सातला पेपर असलेली मुलगी यांना रात्री अडीच वाजता भिंतीतून येणारी तान कोणत्या घराण्याची आहे याने काही फरक पडत नाही. डेसिबल मोजणाऱ्या यंत्रालाही पडत नाही. आपण मात्र गणपतीतल्या स्पीकरच्या भिंतींविरुद्ध तावातावाने लिहितो आणि डिसेंबरात स्वतःसाठी सवलत मागतो. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला 'एनएच ७ वीकेंडर'सारखा तरुणांचा संगीत-उत्सव बघा. तिथली पोरं दुपारपासून चार-पाच मंचांवर धुमाकूळ घालत आणि दहाला गाशा गुंडाळत. २०१६ मध्ये 'सनबर्न' हा डीजेंचा उत्सव गोव्यातून पुण्याजवळ केसनंदला आला तेव्हा आवाजावरून काय गदारोळ झाला ते आठवावं. त्यांना एक नियम आणि आम्हाला दुसरा, ही मागणी संस्कृतीच्या नावाने केली तरी असते ती विशेष वागणुकीचीच मागणी.

आणि सवलत मिळते ती तरी किती? वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. त्यात गणपती, नवरात्र, शिवजयंती, दिवाळी, ३१ डिसेंबर असे सगळे रांगेत. त्यातला एखादा दिवस गाण्याच्या वाट्याला आला की आपण धन्य होतो. पण दहाचे बारा झाले म्हणून सोहनी येत नाही, ललित तर येतच नाही. शिवाय बारा ही गावात कार्यक्रम संपायची सगळ्यात वाईट वेळ. शेवटची बस गेलेली, मेट्रो बंद, रिक्षावाला मागेल तो भाव. स्वतःचं वाहन नसलेल्या बाईने, विद्यार्थ्याने, पिंपरीहून किंवा हडपसरहून आलेल्या माणसाने घरी जायचं कसं? जुन्या रात्रभराच्या मैफलीत एक साधं व्यवहारज्ञान होतं, ते आठवणींत कुणी सांगत नाही. शेवटच्या बसने यायचं आणि पहाटे पहिल्या बसने जायचं. मधे कुठेही अंधारात उभं राहायची वेळ येत नसे. म्हणजे मैफल दहाला तरी संपावी, नाहीतर सरळ सहाला. बाराचा मध्यममार्ग ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्याच सोयीचा.

तर सहाला संपणारी मैफल कायद्यात बसते का? बसते. नियमातच लिहिलेलं आहे की प्रेक्षागृह, सभागृह, मंगल कार्यालय अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत, रात्रीही ध्वनिवर्धक वापरता येतो. आवाज भिंतीबाहेर जाता कामा नये एवढंच. बंदिस्त जागा आपल्याकडे आहेत. १९६८ मध्ये बांधलेलं बालगंधर्व रंगमंदिर आहे, टिळक स्मारक आहे, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आहे, जिथे माइक नसला तरी चालावं. मुंबईत गिरगावातल्या लक्ष्मीबागेसारख्या दिवाणखानी जागांचा इतिहास आहे, कोल्हापुरात १८८३ पासूनचा देवल क्लब ही संगीतसंस्था आहे. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या काळातली मैफल शंभर-दोनशे जाणकारांचीच असे, आणि ती दार लावूनच होत असे. मैदानातला महासागर ही मागाहूनची गोष्ट. आपण त्यालाच परंपरा समजून बसलो.

हे दिवास्वप्न नाही, याची उदाहरणं दूर नाहीत. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ ची, म्हणजे सवाईपेक्षा एका वर्षाने मोठी. जानेवारीच्या थंडीत ती रात्रभर चालत आली आहे. कायदा बंगाललाही तोच आहे, पण ती भरते नजरुल मंचात, छपराखाली. दुसरं उदाहरण तर थेट सवाई गंधर्वांच्या गावचं. धारवाड जिल्ह्यात कुंदगोळला नाडीगेरांच्या वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाण्याची परंपरा आहे. तिथे भीमसेनजी गायले, गंगूबाई हनगल गायल्या. त्याच गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हजारोंचा मांडव, पण दहाला बंद, आणि कुंदगोळला एका वाड्यात मावतील तेवढीच माणसं, पण पहाटेपर्यंत. दोन्ही खरेच स्मरणोत्सव आहेत. पण जुन्या पुणेकराने हळहळताना कुंदगोळकडे एकदा तरी बघायला हरकत नव्हती.

मग आपल्याकडे हे का होत नाही? घरगुती बैठकी होतात, चांगल्या होतात, पण त्यांचं आमंत्रण ओळखीतून फिरतं. मी बोलतोय ते तिकीट काढून कुणीही येऊन बसेल अशा मैफलीबद्दल. पहिली अडचण पैशाची, आणि ती खोटी नाही. मोठ्या मांडवात खर्च हजारोंवर वाटला जातो म्हणून विद्यार्थ्याला सतरंजीचं तिकीट परवडतं. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात तसं होणार नाही, तीनशेच्या सभागृहात तर नाहीच. प्रायोजकालाही आपला फलक किती डोळे बघणार याची चिंता. म्हणूनच मी सवाईचा मांडव मोडा असं म्हणत नाही. तो असावा, दुपारच्या सारंगासकट असावा. त्याच्या जोडीला, वेगळी, लहान, महाग पडली तरी एक रात्र असावी. एका रात्रीत सात-आठ नावं कोंबायची गरज नाही. तीन कलाकार पुरे. एकाने रात्रीचे राग घ्यावेत, दुसऱ्याने मध्यरात्रीनंतरचे, तिसऱ्याने उजाडेपर्यंत. मानधनाची यादी निम्म्याहून कमी होते आणि कुणाला घड्याळ दाखवावं लागत नाही.

दुसरी अडचण मला जास्त गमतीची वाटते. आपल्या पालिकांच्या नाट्यगृहांच्या तारखा सत्रांनी वाटल्या जातात. सकाळ, दुपार, रात्र. रात्रीचं सत्र नाटकाच्या हिशेबाने साडेनऊला सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपतं. त्यापुढे पहाटेपर्यंतचं सत्र कोष्टकातच नाही. एकेकाळी याच महाराष्ट्रात संगीत नाटकं उजाडेपर्यंत चालत, 'वन्समोअर'ने पदं तासभर लांबत, आणि आज रात्रभरासाठी नाट्यगृह मागितलं तर अर्जात भरायला रकाना नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम बदलायला दिल्लीपर्यंत जावं लागेल. हा रकाना महापालिकेच्या आवारातच वाढवता येतो. कर्मचाऱ्यांना रात्रपाळीचा भत्ता, दारावर रखवालदार, बाहेर चहाची परवानगी, पोलिसांचा एरवीचा परवाना. यापलीकडे फारसं काही लागत नाही. स्वच्छतागृहं रात्रभर धड राहतील का, ही शंका मात्र आमची नाट्यगृहं बघता वाजवी आहे.

कुणी विचारेल, रागसमयाचं एवढं कौतुक कशाला? कर्नाटक संगीतात गायक प्रहराचा फारसा विचार करत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. ललित संध्याकाळी सातला गायला तर आभाळ कोसळत नाही. ग्रामोफोनची तबकडी आली तेव्हाच राग वेळेपासून सुटा झाला. सगळा युक्तिवाद मला कबूल आहे. संध्याकाळी गायलेला ललितही ललितच असतो. पण पहाटे चारला ललित ऐकणारा माणूस संध्याकाळच्या माणसापेक्षा वेगळा असतो. त्याचं दिवसभराचं ओझं उतरलेलं असतं, फोनची बॅटरी संपलेली असते, त्याला कुठे जायचं नसतं. गाणाऱ्यालाही समोरच्याला जिंकायची घाई उरलेली नसते, कारण जे उरलेत ते जिंकलेलेच आहेत. माझा आग्रह त्या सवडीसाठी आहे, शास्त्राच्या पोथीसाठी नाही.

आता वयाचा मुद्दा. शास्त्रीय संगीताचा श्रोता साठीपलीकडचा, तो रात्रभर बसणार कसा? एक तर तो तेव्हाही सबंध बसत नव्हता. रात्री अडीचच्या सुमाराला निम्मी सतरंजी आडवी असे, हे जुने श्रोते खासगीत हसत कबूल करतात. आठवणीत फक्त जागे क्षण उरतात. दुसरं म्हणजे रात्रभर जागणारी पिढी आज आहे, ती हिंजवडीत आणि खराडीत परदेशी वेळेवर काम करते, वेब मालिका पहाटे तीनपर्यंत बघते. तिला दुपारी बाराला सुटी काढून मांडवात या म्हणणं जास्त अवघड आहे. शुक्रवारी रात्री अकरा ते शनिवारी सकाळी सहा, ही वेळ तिच्या सोयीची आहे. आपण तिला ती कधी देऊनच पाहिलेली नाही.

आठवणी सांगणाऱ्यांकडे यात मोलाचं काम आहे. कोणत्या प्रहराला कुणी काय गायलं, दोन कलाकारांमध्ये किती थांबत, लोक कधी पेंगत आणि कशाने जागे होत, चहा केव्हा फिरे, हे सगळं त्यांनाच ठाऊक आहे. रात्रीच्या मैफलीची आखणी कशी असते हे नव्या संयोजकाला पुस्तकात सापडणार नाही. हळहळ करण्यात खर्च होणारी ही माहिती कुणी लिहून घेतली तर कामाला येईल.

सुरुवात कोजागरीला करता येईल, नाहीतर महाशिवरात्रीला. त्या रात्री लोक तसेही जागतात, घरच्यांना वेगळं समजवावं लागत नाही. तीनशे-चारशे खुर्च्यांचं सभागृह, तीन कलाकार, मधे दोनदा चहा. पहिल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर राहू देत. पंधरा दिवसांच्या यादीत शिरण्यासाठी मंत्रालयात खेटे घालायचं कारण नाही. अर्ज नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे करायचा आहे.